समोरचा दिवा जागचा हलत नसेल तर

सोलापूरकराला समुद्राचं फारसं देणंघेणं नसतं. किनारा इथून अडीच-तीनशे किलोमीटर लांब. आमचं मोठं पाणी म्हणजे उजनी, आणि तेही उन्हाळ्यात ‘मायनस’मध्ये गेलं की पेपरात फोटो येतात. पण माझा भाचा मालवाहू जहाजावर सेकंड ऑफिसर आहे आणि त्याच्या वडिलांनी, म्हणजे आमच्या दाजींनी, तीस वर्षं एस.टी. चालवली आहे. तो सुट्टीवर आला की बापलेकाच्या गप्पा फिरून फिरून गाड्यांवरच येतात. गेल्या खेपेला जुळे सोलापुरात त्यांच्या घरी रात्रीची जेवणं झाली आणि दाजींनी बरेच दिवस मनात ठेवलेला प्रश्न काढला.

“आमच्याकडं अरुंद रस्ता, समोरनं उसाची डबल ट्रॉली, मागनं कर्नाटकची गाडी हॉर्न वाजवतीय, तरी तीस वर्षं काढली. तुमच्याकडं ना वळण, ना खड्डा, ना म्हैस आडवी. एवढ्या मोकळ्या पाण्यात दोन जहाजं धडकतातच कशी? त्यातलं एक नौदलाचं! मग ते रडार काय शोभेला लावलंय?”

भाचा हसला. “अण्णा, तुम्ही रस्त्यावर एवढे अपघात बघितले. त्यात समोरचं दिसलंच नाही, असे किती?”

दाजींनी जरा विचार केला. “दिसतं की सगळ्यांना. दिसून पण धडकतात.”

“मग तसंच.”

दाजींचा प्रश्न मलाही 2017 साली पडला होता. त्या वर्षी जून आणि ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या दोन विनाशिका, म्हणजे जगातली सगळ्यात महागडी उपकरणं बसवलेल्या युद्धनौका, साध्या व्यापारी जहाजांशी धडकल्या आणि 17 नौसैनिक गेले. शत्रू नाही, वादळ नाही. भाच्यानं त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी जे समजावलं, आणि नंतर मी चौकशी अहवालांवरून जे जुळवत गेलो, ते इथे सांगतो.

टिकली

दुसऱ्या दिवशी आम्हाला मंगळवेढ्याला जायचंच होतं. निघताना भाच्यानं बहिणीकडून एक लाल टिकली मागून घेतली आणि गाडीच्या पुढच्या काचेवर, माझ्या नजरेसमोर किंचित डावीकडे, चिकटवली. मंगळवेढ्याचा तो काळ्या रानाचा पट्टा ज्यांनी पाहिलाय त्यांना ठाऊक आहे: ज्वारी निघाली की नजर जाईल तिथवर सपाट, झाड औषधालाही नाही. अशा उघड्या माळावर दोन रस्ते एकमेकांना छेदतात आणि नेमक्या तिथेच दोन मोटारसायकली एकमेकींत घुसतात. बातमी वाचणारा म्हणतो, प्यायलेले असणार.

डावीकडच्या गाडीवाटेनं धुरळा उडवत एक दुचाकी येत होती. “मामा, डोकं हलवू नका. टिकली आणि ती गाडी, दोन्ही बघत राहा.” दुचाकी टिकलीला अगदी लागून दिसत होती. दहा सेकंद गेले, पंधरा गेले. आमची गाडी पळत होती, ती दुचाकीही पळत होती, पण काचेवर मात्र ती टिकलीपाशीच खिळलेली. फक्त अंमळ मोठी झाल्यासारखी वाटली. “अण्णा, आता पाय काढा.” दाजींनी ॲक्सिलरेटर सोडला, आणि लगेच दुचाकी टिकली सोडून उजवीकडे सरकू लागली. आमच्या पुढून रस्ता ओलांडून ती निघून गेली. स्वारानं आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

जहाजांच्या टकरीचं मूळ या टिकलीत आहे. दोन वाहनं एकाच वेळी एकाच जागी पोचणार असतील, तर वाटेत पूर्ण वेळ ती एकमेकांना एकाच दिशेला दिसत राहतात. समोरचं पुढे सरकताना दिसलं तर ते आपल्या पुढून जाणार. मागे पडताना दिसलं तर मागून जाणार. जागचं हललंच नाही, तर ते आपल्याकडेच येतंय. समुद्रावर या दिशेला बेअरिंग म्हणतात, आणि होकायंत्रावर बेअरिंग बदलत नसेल व अंतर घटत असेल तर टकरीचा धोका आहे असं समजावं, हे 1972 साली ठरलेल्या आणि 1977 पासून जगभर लागू असलेल्या आंतरराष्ट्रीय नियमांत स्पष्ट लिहिलेलं आहे.

गोची अशी की आपल्या डोळ्यांची घडण याच्या बरोबर उलट आहे. हालचाल दिसली की डोळा सावध होतो. जे स्थिर आहे ते तो मागच्या देखाव्यात टाकून देतो. रात्रीच्या समुद्रात क्षितिजावर पंधरा-वीस दिवे लुकलुकत असतात. त्यातले चौदा हळूहळू सरकत असतात आणि लक्ष खेचून घेतात. पंधरावा गप्प एका जागी बसलेला असतो. अनुभवी माणसालाही तो दूरचा, निरुपद्रवी वाटतो. आणि जवळ येताना त्याचा आकारही सारखा वाढत नाही: बराच वेळ जेमतेम, आणि शेवटच्या दोन मिनिटांत एकदम भिंतीसारखा.

ब्रेक नावाची वस्तू नसते

दाजींना सगळ्यात जास्त अस्वस्थ केलं ते याच गोष्टीनं. जहाजाला ब्रेक नसतो. इंजिन बंद केलं तरी ते कितीतरी वेळ पुढे घसरत राहतं. जहाजाला ढकलणारा पाण्याखालचा पंखा उलटा फिरवायचा तर मोठ्या मालवाहू जहाजाचं इंजिन आधी थांबवून उलट दिशेनं पुन्हा सुरू करावं लागतं. भरलेलं मोठं तेलवाहू जहाज पूर्ण थांबायला काही किलोमीटर घेतं. सुकाणू फिरवलं तर नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, सावकाश वळतं आणि शेपूट विरुद्ध बाजूला झोकांडी खातं. दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर उतारावर वळवून पाहिलेल्या माणसाला यातलं अर्धं तरी कळेल.

आता वेग. समुद्रावरचा वेग नॉटमध्ये मोजतात. एक नॉट म्हणजे ताशी 1.852 किलोमीटर. वीस नॉट म्हणजे ताशी 37. ऐकायला लुनासारखा वेग. पण दोन जहाजं वीस-वीस नॉटनं समोरासमोर येत असतील तर त्यांच्यातलं अंतर ताशी 74 किलोमीटरनं तुटतं. दहा-अकरा किलोमीटरवर दिवा दिसला, तर हातात नऊ मिनिटं. त्यातली दोन मिनिटं ‘हा कोण, कुठे चाललाय’ यात, दोन रडारशी ताडून पाहण्यात, एक-दोन ‘तो वळेल बहुतेक’ या आशेत. उरलेल्या तीन मिनिटांत जहाज वळायचं असतं.

युद्धनौकेचं मात्र वेगळं आहे. विनाशिका हलकी, दोन पंख्यांची, ताकदीच्या मानानं भलतीच चपळ. ती झटकन वळते आणि थोडक्या अंतरात थांबते. म्हणजे टकरीतल्या दोघांपैकी सुटायची सोय जिच्याकडे जास्त, तीच बरेचदा अडकलेली आहे.

लाल दिसला तर थांब

नियम तसे सोपे आहेत. रात्री प्रत्येक जहाजाच्या डाव्या अंगाला लाल, उजव्या अंगाला हिरवा, मागे पांढरा आणि डोलकाठीवर पांढरा दिवा असतो. लांब जहाजाला डोलकाठीवरचे दोन, मागचा पुढच्यापेक्षा उंच. समोरासमोर आलात तर दोघांनीही उजवीकडे वळायचं. मागून ओलांडून जाणाऱ्यानं पुढच्याला सांभाळून जायचं. आणि वाटा आडव्या छेदत असतील, तर ज्याच्या उजव्या हाताला दुसरं जहाज आहे त्यानं वाट द्यायची.

यातली गंमत मला भाच्यानं दाखवली. दुसरा माझ्या उजवीकडून आडवा येत असेल तर मला त्याचं डावं अंग दिसतं, म्हणजे लाल दिवा. त्याला माझं उजवं अंग दिसतं, म्हणजे हिरवा. सात रस्त्यावरच्या सिग्नलसारखंच: लाल दिसला त्यानं थांबायचं, हिरवा दिसला त्यानं जायचं. सिग्नलचा खांब तेवढा नाही. दोघंही एकमेकांचे सिग्नल.

पण हिरवा दिसणाऱ्यावरही एक बंधन आहे, आणि खरी कोंडी तिथे होते. त्यानं आपला वेग आणि दिशा तशीच ठेवायची असते, म्हणजे वाट देणाऱ्याला अंदाज बांधता येतो. समोरचा वाट देत नाही हे उघड झालं तर तो स्वतः हालचाल करू शकतो, आणि आता एकट्या वाट देणाऱ्याच्या हालचालीनं टक्कर टळणार नाही अशी वेळ आली तर त्यानं ती करायलाच हवी. ‘उघड झालं’ म्हणजे नक्की कधी? पाच किलोमीटरवर? दोनवर? तो आकडा नियमात नाही. बोळात दोन माणसं समोरासमोर येतात, दोघं एकाच बाजूला सरकतात, मग दोघं दुसऱ्या बाजूला. माणसं हसून मोकळी होतात. तीस हजार टनांचं जहाज पहिल्याच झुकांडीत अडकतं.

जपानजवळची रात्र

17 जून 2017, रात्री दीडच्या सुमाराची गोष्ट. जपानच्या इझू द्वीपकल्पाजवळ, चांदण्याची रात्र, दृष्टी स्वच्छ. अमेरिकेची ‘फिट्झगेराल्ड’ ही 154 मीटर लांबीची विनाशिका योकोसुका तळावरून निघून वीस नॉटनं दक्षिणेकडे चालली होती. उजव्या हातानं फिलिपिन्सचा झेंडा लावलेलं ‘एसीएक्स क्रिस्टल’ हे 222 मीटरचं कंटेनर जहाज साडेअठरा नॉटनं आडवं येत होतं. दोघांच्या दिशा आणि वेगांवरून हिशेब केला तर मधलं अंतर मिनिटाला साधारण एक किलोमीटरनं कमी होत होतं.

विनाशिकेला लाल दिसत होता, म्हणजे वाट तिनं द्यायची. ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवण्याच्या खोलीत, पाळीची बरीच माणसं होती. पण टेहळणीचा माणूस डाव्या बाजूला होता. उजव्या बाजूला, जिकडून जहाजं येत होती, तिकडे कुणीच नव्हतं. रडार नीट जुळवलेलं नव्हतं. पाळीवरच्या अधिकाऱ्याला जवळपासच्या जहाजांपैकी कुठलं कुठे आहे याचा घोळ झाला, आणि क्रिस्टल आपल्यापासून सुरक्षित अंतरावरून जाईल असं वाटलं. खालच्या युद्धकक्षात पडद्यांसमोर बसलेल्यांनीही वर सावध केलं नाही. कॅप्टन झोपले होते. जहाजं जवळून जाणार असतील तर मला कळवा, अशी त्यांची लेखी आज्ञा होती, पण कुणी कळवलं नाही.

शेवटच्या मिनिटात आधी उजवीकडे वळण्याचा हुकूम निघाला. तो वेळेत पाळला गेला असता तर विनाशिका क्रिस्टलच्या मागून गेली असती. पण तो लगेच रद्द झाला, आणि पूर्ण वेगानं डावीकडे वळायला सांगितलं गेलं. समोरच्याच्या पुढून निसटण्याचा हा प्रयत्न. दाजी इथे पटकन म्हणाले, “रेल्वे फाटकातला मोटारसायकलवाला.”

क्रिस्टलच्या नाळेखाली, पाण्यात, पुढे आलेला गोल फुगवटा असतो. मोठ्या जहाजांना पाणी कापायला सोपं जावं म्हणून तो ठेवतात. वरून दिसत नाही. त्यानं विनाशिकेच्या उजव्या कुशीला, पाण्याच्या रेषेखाली, मोठं भगदाड पाडलं. आत नौसैनिकांचं झोपायचं दालन होतं. 35 जण झोपलेले. मिनिटभराच्या आत दालन भरलं. 28 जण अंधारात, कमरेएवढ्या आणि मग गळ्याएवढ्या पाण्यातून, तरंगत्या गाद्या बाजूला सारत शिडीपर्यंत पोचले. सात जण पोचले नाहीत. वर कॅप्टनची खोली चेचली गेली होती. त्यांना त्यातून ओढून काढावं लागलं.

क्रिस्टलवरचे लोक सुटले असं नाही. चौकशीत त्यांच्यावरही ठपका आला, कारण समोरची युद्धनौका वाट देत नाही हे दिसत असूनही त्यांनी वेळेत काही केलं नाही. इथे मला व्यापारी जहाजावरच्या माणसाची थोडी बाजू घ्यावीशी वाटते. रात्री बारा ते चारच्या पाळीत तिथे ब्रिजवर एक अधिकारी आणि एक टेहळ्या, एवढीच माणसं असतात. ही पाळी सेकंड ऑफिसरची, म्हणजे आमच्या भाच्याची. पुढून येणारी युद्धनौका वेगवान आहे, चपळ आहे, तिच्यावर दहा जोडी डोळे आहेत, ती बघून घेईल, असं मनात येतंच. तिकडे दहा जोडी डोळ्यांपैकी प्रत्येकाला वाटत असतं, बाकीचे नऊ बघताहेत.

दिसू नये म्हणून बांधलेलं जहाज

युद्धनौका ओळखणं मुळात कठीण, कारण ती न दिसण्यासाठीच बांधलेली असते. रंग करडा. अंग तिरक्या पत्र्यांचं, म्हणजे रडारच्या लहरी भलतीकडेच परताव्यात; मग दीडशे मीटरचं जहाज व्यापारी रडारवर मासेमारी बोटीएवढं दिसू शकतं. डोलकाठीवरचे दोन दिवे बांधणीमुळे जवळजवळ असले तर रात्री तिची लांबी कमीच भासते. शिवाय व्यापारी जहाजांना एआयएस नावाचं यंत्र सक्तीचं आहे. ते आपलं नाव, जागा, दिशा, वेग सतत आसपासच्या जहाजांना कळवत राहतं. युद्धनौकांना ही सक्ती नाही, आणि त्या बहुतेकदा ते मुकं ठेवतात: दुसऱ्यांचं ऐकायचं, आपलं सांगायचं नाही.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण नॉर्वेचं आहे. 8 नोव्हेंबर 2018, पहाटे चारला, नाटोच्या सरावाहून परतणारी ‘हेल्गे इंगस्टाड’ ही फ्रिगेट प्रकारची युद्धनौका एका खाडीतून सतरा नॉटनं दक्षिणेकडे येत होती. एआयएस मुकं. थोड्याच वेळापूर्वी पाळी बदललेली. पुढे स्टुरे नावाच्या तेल टर्मिनलपाशी भरपूर दिवे दिसत होते. नव्या पाळीतल्या अधिकाऱ्याला वाटलं, हे धक्क्यावरचे दिवे. खरं तर त्यातले बरेचसे ‘सोला टीएस’ या तेलानं भरलेल्या जहाजाचे होते. ते नुकतंच धक्क्यावरून निघालं होतं आणि डेकवरचं काम उरकायला त्यांनी झगझगीत दिवे तसेच ठेवले होते. त्या झगमगाटात त्याचे लाल-हिरवे दिवे बुडून गेले. गड्ड्याच्या यात्रेत विजेच्या माळांमधून रस्त्यावरच्या सायकलचा दिवा शोधायला सांगावं तसं.

तेलजहाजावरच्या पायलटनं, म्हणजे स्थानिक वाटाड्यानं, समोरून येणारं बिननावाचं जहाज कोणतं हे किनाऱ्यावरच्या वाहतूक केंद्राला विचारलं. केंद्राच्याही ते ध्यानातून गेलं होतं. नाव कळेपर्यंत वेळ सरला. पायलटनं रेडिओवर उजवीकडे वळायला सांगितलं. फ्रिगेटवरच्या अधिकाऱ्याला वाटलं, समोरून येणाऱ्या दुसऱ्याच कुठल्या जहाजाचा हा आवाज आहे. उजवीकडे वळलो तर त्या ‘धक्क्यावर’ जाऊन आदळू. म्हणून तो लगेच वळला नाही. ज्याला तो धक्का समजत होता, तेच त्याच्याशी बोलत होतं.

फ्रिगेटची उजवी कूस लांबलचक फाटली. 137 जणांना उतरवण्यात आलं, कुणी दगावलं नाही, पण जहाज बुडालं आणि पुढे भंगारात गेलं. तेलजहाजाला नाळेवर ओरखडे.

बैलजोडी

2017 ची दुसरी टक्कर मला सगळ्यात चमत्कारिक वाटते, कारण तिथे समोरच्याबद्दल गैरसमज नव्हताच. स्वतःच्याच जहाजाबद्दल होता.

21 ऑगस्टच्या पहाटे ‘जॉन एस. मॅकेन’ ही विनाशिका सिंगापूरच्या सामुद्रधुनीकडे येत होती. जगातल्या सगळ्यात गजबजलेल्या वाटांपैकी ही एक. आपल्या पुणे रस्त्यावर शनिवारी संध्याकाळी असते तशी गर्दी. सुकाणू धरणाऱ्या खलाशाला दिशा आणि वेग दोन्ही सांभाळणं जड जातंय हे पाहून कॅप्टननं काम वाटून दिलं: तू दिशा बघ, वेग शेजारचा बघेल. हेतू चांगला. पण हे सगळं टचस्क्रीनवर करायचं होतं, आणि तिथे घोळ असा झाला की वेगाबरोबर सुकाणूही शेजारच्याच्या पडद्यावर गेलं. हातात चाक असलेला ओरडला, सुकाणू गेलं! शेजारच्याला ते आपल्याकडे आलंय याचा पत्ता नाही. जहाज हळूहळू डावीकडे ओढलं जाऊ लागलं.

कॅप्टननं वेग कमी करायला सांगितलं. विनाशिकेला दोन पंखे, आणि पडद्यावर ते दोन्ही एकत्र जोडलेले नव्हते. त्यामुळे डावाच पंखा मंदावला. उजवा पहिल्याच जोरात फिरत राहिला.

दाजींच्या घरी पूर्वी बैल होते. त्यांना पुढचं सांगावं लागलं नाही. जोडीतला डावा बैल अडखळला आणि उजवा चालतच राहिला, तर गाडी कुठे जाते हे कुणालाही कळतं. मॅकेन वेगानं डावीकडे फिरली, थेट ‘अल्निक एमसी’ या 183 मीटरच्या तेलजहाजाच्या नाळेसमोर. सुकाणू ‘गेल्या’पासून टकरीपर्यंत सगळी मिळून तीनेक मिनिटं. दहा नौसैनिक गेले, झोपण्याच्या दालनात. त्या पाळीतले काही जण दुसऱ्या जहाजावरून तात्पुरते आलेले होते आणि या पडद्यांचं पुरतं शिक्षण त्यांना मिळालेलं नव्हतं. पुढे 2019 मध्ये अमेरिकी नौदलानं विनाशिकांवर वेगासाठी पुन्हा हातात धरायचे दांडे बसवायचं ठरवलं.

थकव्याचा भाग यात सगळीकडे आहे. त्याच वर्षी अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयानं आठवड्याला 108 तास कामावर असणाऱ्या नौसैनिकांची नोंद पुढे आणली. आपल्याकडे ऊसतोडीच्या हंगामात ट्रॅक्टरवाल्याचे तास कोण मोजतं म्हणा.

आपल्या दारात

हे फक्त परदेशात घडतं असंही नाही. 30 जानेवारी 2011 रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी आत येणारी आयएनएस ‘विंध्यगिरी’ आणि बाहेर निघालेलं ‘नॉर्डलेक’ हे व्यापारी जहाज यांची टक्कर झाली. नौसैनिकांचे कुटुंबीयही त्या दिवशी युद्धनौकेवर होते. सगळे सुखरूप उतरले. जहाजाला आग लागली, आणि दुसऱ्या दिवशी गोदीत धक्क्याला लागलेल्या अवस्थेतच ते कलंडून बुडालं. त्याआधी 2006 च्या एप्रिलमध्ये गोव्याजवळ आयएनएस ‘प्रहार’ एका कंटेनर जहाजाशी धडकून बुडाली होती. बंदराच्या तोंडाशी सगळ्यांची वाट एकच असते आणि तिची खोलीही ठरलेली; भरलेलं जहाज बाजूला सरकलं तर गाळात रुतेल. तिथे ‘मोकळा समुद्र’ म्हणजे तुळजापूर वेशीतला रस्ता.

2024 च्या डिसेंबरमध्ये गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर इंजिनची चाचणी चालू असलेली नौदलाची स्पीडबोट ताबा सुटून आदळली आणि माणसं गेली. त्या प्रकाराला हे सगळं शास्त्र लागू नाही. ते वेगळंच प्रकरण आहे. पण ती बातमी पाहिल्यावर दाजींनी जहाजावरच्या मुलाला फोन लावला होता, म्हणून इथे आली.

जुन्या काळी रडार नव्हतं म्हणून हे व्हायचं, असं म्हणावं तर 1942 चा ऑक्टोबर आठवतो. भरदिवसा, एकमेकांसोबत जाणाऱ्या दोन जहाजांची गोष्ट. हजारो सैनिक घेऊन निघालेलं ‘क्वीन मेरी’ हे प्रचंड प्रवासी जहाज पाणबुड्यांना चकवण्यासाठी नागमोडी चाललं होतं आणि ब्रिटिश युद्धनौका ‘क्युराकोआ’ तिच्या रक्षणाला शेजारी होती. दोन्हीकडे एकच समजूत: बाजूला व्हायचं ते दुसऱ्यानं. क्वीन मेरीनं युद्धनौका मधोमध कापली. तीनशेहून जास्त माणसं गेली, आणि पाणबुड्यांच्या भीतीनं थांबायची मनाई असल्यामुळे क्वीन मेरी न थांबता पुढे गेली.

मंगळवेढ्याहून परतताना अंधार पडला होता. मोहोळच्या अलीकडे समोर एक अंधूक लाल ठिपका दिसू लागला, काचेवरच्या टिकलीला लागूनच. दाजींनी काही न बोलता गाडी हळू केली. उसाची ट्रॉली होती; दोनपैकी एकच दिवा चालू, तोही चिखलानं माखलेला.

“तुला कधी असं झालंय का?” दाजींनी विचारलं.

भाचा जरा वेळानं बोलला. पहिल्यांदा एकट्यानं बारा-चारची पाळी करत होता तेव्हाची गोष्ट. पुढे एक दिवा होता. बेअरिंग घेतलं, पाच मिनिटांनी पुन्हा घेतलं, अर्धा अंशही फरक नाही. प्रत्येक कॅप्टन रात्री झोपायला जाताना एका वहीत सूचना लिहून जातो, आणि त्यात एक ओळ असतेच: शंका आली तर मला उठवा. हा फोनपाशी गेला आणि परत आला. एवढ्यासाठी काय उठवायचं, म्हातारा दिवसभर बंदरात उभा होता. आणखी तीन मिनिटांनी उठवलं. कॅप्टन बनियनवरच वर आला, दुर्बीण लावली, उजवीकडे वीस अंश वळवायला सांगितलं आणि दिवा डावीकडे सरकू लागेपर्यंत एक शब्द बोलला नाही. मग चहा मागवला आणि पहाटे चारपर्यंत तिथेच खुर्चीवर बसून राहिला.

“ओरडला नाही?”

“नाही. दुसऱ्या रात्री वही उघडली, तर तीच ओळ होती. फक्त तिच्याखाली दोन रेघा मारल्या होत्या.”